लेव्हल १ चा फॉर्म हातात आहे, त्याचा एलिप्टिक कर्व्ह कुठून आणायचा?

पूर्णांक

वास्तव द्विघाती क्षेत्रांवरचा (परिमेय संख्यांत √२९ सारखं एक वर्गमूळ घालून मिळणाऱ्या क्षेत्रांवरचा) एक न सुटलेला प्रश्न मुळापासून समजून घ्यायचा आहे.

परिमेय संख्यांवर, प्रत्येक प्राइमपाशी गुड रिडक्शन (त्या प्राइमच्या बाक्यांवरही कर्व्ह गुळगुळीत राहणं) असलेला एकही एलिप्टिक कर्व्ह (बिंदूंची बेरीज करता येणारा, तिसऱ्या घाताच्या समीकरणाचा वक्र) नाही, हे टेट यांनी दाखवलं. म्हणजे पूर्णांकी सहगुणक आणि विवेचक ±१, असं समीकरणच मिळत नाही. क्षेत्रात √२९ घातलं की मात्र मिळतं. उ = (५ + √२९)/२ हे तिथलं मूलभूत युनिट (युनिट म्हणजे ज्याचा व्यस्तही पूर्णांकच असतो). मग

य^२ + क्ष·य + उ^२·य = क्ष^३

हा कर्व्ह त्या क्षेत्रात कुठेच बिघडत नाही.

दुसऱ्या बाजूला हिल्बर्ट मॉड्युलर फॉर्म आहेत: अशा क्षेत्राला जोडलेली, ठरावीक सममिती पाळणारी दोन चलांची फंक्शन. क्षेत्र के वास्तव द्विघाती, फॉर्मचं वजन (२,२), लेव्हल १ (म्हणजे कुठल्याच प्राइमपाशी बिघाड नाही), हेके आयगेनव्हॅल्यू (फॉर्म प्रत्येक प्राइमला जोडतो ते आकडे; कर्व्हच्या बाजूला ते बिंदू मोजून मिळतात) सगळ्या परिमेय. असा फॉर्म दिला, तर के वर त्याच आयगेनव्हॅल्यूंचा, सर्वत्र गुड रिडक्शन असलेला कर्व्ह असतोच का? कर्व्हपासून फॉर्मकडे जाणारी दिशा फ्रायटस, ले हुंग आणि सिक्सेक यांनी २०१५ मध्ये सर्व वास्तव द्विघाती क्षेत्रांसाठी पूर्ण केली. फॉर्मपासून कर्व्हकडे येणारी दिशा अजून उघडी आहे.

विचारायचं ते असं. परिमेय संख्यांवर मॉड्युलर कर्व्हच्या जेकोबियनचा (कर्व्हपासून बनणाऱ्या, बिंदूंची बेरीज करता येणाऱ्या भूमितीय वस्तूचा) एक तुकडा काढला की काम होतं. इथे शिमुरा कर्व्ह (मॉड्युलर कर्व्हचा क्वाटर्निअन अल्जिब्रातून बनणारा भाऊ) घेऊन तेच का करता येत नाही? आणि सिद्धता नसली तरी, फॉर्म हिशेबाने मिळाल्यावर प्रत्यक्ष समीकरणापर्यंत कसं पोचायचं? √२९ वर फॉर्म परिमेय संख्यांवरून उचललेला आहे (याला बेस चेंज म्हणतात), त्यामुळे ते सोपं. √५०९ सारख्या ठिकाणी, जिथे तसं नाही, तिथे काय करतात?

मोजणीदार

आधी २९ चं उदाहरण दोन्ही बाजूंनी हाताने करून बघा. पुढे नेमकी कोणती गोष्ट हातातून निसटते ते त्यावरून कळेल.

कर्व्हची बाजू. विवेचकाच्या नेहमीच्या सूत्रातल्या खुणांत बी२ = १, बी४ = उ^२, बी६ = उ^४, बी८ = ०. म्हणून

विवेचक = −८उ^६ − २७उ^८ + ९उ^६ = उ^६·(१ − २७उ^२).

उ चा ट्रेस (संयुग्मीशी बेरीज) ५ आणि नॉर्म (संयुग्मीशी गुणाकार) −१, म्हणजे उ^२ = ५उ + १. पुन्हा वर्ग करा: उ^४ = २५उ^२ + १०उ + १ = १३५उ + २६. तर १ − २७उ^२ = १ − १३५उ − २७ = −(१३५उ + २६) = −उ^४. विवेचक −उ^१०. युनिट आहे, म्हणजे कुठलाच प्राइम त्याला भागत नाही, आणि सर्वत्र गुड रिडक्शन सिद्ध झालं. सगळा भार १ − २७उ^२ हे युनिट निघण्यावर आहे. ही ओळ लक्षात ठेवा, शोध घेताना हीच उपयोगी पडते.

आता बिंदू मोजा. ५ हा √२९ च्या क्षेत्रात दुभंगतो, म्हणजे दोन प्राइममध्ये फुटतो. √२९ च्या जागी २ घ्या किंवा ३, मॉड ५ दोन्ही वेळा उ^२ = १ येतो. कर्व्ह य^२ + क्ष·य + य = क्ष^३. क्ष = ०, १, २, ३, ४ साठी य च्या किमती अनुक्रमे २, ०, २, २, २; अनंताचा बिंदू धरून ९. म्हणून आयगेनव्हॅल्यू अ (नॉर्म + १ वजा बिंदूंची संख्या) = ५ + १ − ९ = −३, दोन्ही प्राइमपाशी. ७ वरही दुभंग, दोन्हीकडे ६ बिंदू, अ = २. २ हा अखंड राहतो, म्हणून चार घटकांचं क्षेत्र: तिथे ६ बिंदू, अ = ४ + १ − ६ = −१. बिंदूंची संख्या दर वेळी ३ ने भागली जाते, कारण (०,०) हा तिसऱ्या कोटीचा बिंदू आहे.

फॉर्मची बाजू. प्राइम प, मॉड ४ उरलेला १, प > ५ असेल तर हिल्बर्ट मॉड्युलर पृष्ठभागाचा अंकगणिती जीनस

झीटा(−१)/२ + ह(−४प)/८ + ह(−३प)/६

इतका येतो. ह म्हणजे त्या विवेचकाच्या काल्पनिक द्विघाती क्षेत्राचा क्लास नंबर. झीटा(−१) काढायला मोठी यंत्रणा लागत नाही: प्रत्येक विषम ब साठी, ब^२ < प असेपर्यंत, (प − ब^२)/४ च्या भाजकांची बेरीज घ्या, सगळं मिळवा, ६० ने भागा. २९ साठी ब = ±१ ला ७ (भाजकांची बेरीज ८), ±३ ला ५ (६), ±५ ला १ (१). एकूण २·१५ = ३०, भागिले ६०, म्हणजे १/२. ह(−११६) = ६, ह(−८७) = ६. तर १/४ + ३/४ + १ = २. त्यातून १ वजा केला की लेव्हल १ च्या कस्प फॉर्मच्या जागेचं परिमाण: १. एकच फॉर्म, त्यामुळे आयगेनव्हॅल्यू परिमेय असण्यावाचून गत्यंतर नाही.

१३ आणि १७ साठी हेच केलं तर बेरीज १ येते, म्हणजे फॉर्म शून्य, म्हणजे (२०१५ च्या प्रमेयानुसार) कर्व्हही शून्य. ३७ ला पुन्हा २. हिर्झेब्रुख आणि व्हॅन डी व्हेन यांच्या वर्गीकरणात २९, ३७, ४१ हे तीनच प्राइम के३ पृष्ठभाग देतात, ते याच आकड्यामुळे.

हा फॉर्म कुठून आला? २९ लेव्हल आणि √२९ च्या कॅरेक्टरवर वजन २ ची जागा दोन परिमाणांची आहे, सहगुणक √−५ च्या क्षेत्रात. तिथे दुसऱ्या सहगुणकाचा वर्ग −५. बेस चेंज केल्यावर २ पाशी −५ + ४ = −१. वर मोजलेल्या −१ शी जुळलं. शिमुरांच्या बांधणीत या फॉर्मचा आबेली पृष्ठभाग √२९ वर दोन कर्व्हमध्ये फुटतो. टेट यांचा कर्व्ह त्यातलाच, समजाततेपुरता (समजात म्हणजे परिमित कर्नलच्या नकाशाने जोडलेले; त्यांच्या आयगेनव्हॅल्यू सारख्याच). म्हणजे इथे कर्व्ह खरं तर लेव्हल २९ च्या साध्या मॉड्युलर कर्व्हच्या जेकोबियनमधून मिळाला. हिल्बर्ट पृष्ठभागातून मिळाला नाही.

चतुर्दल

शिमुरा कर्व्हबद्दल. अडचण सम-विषमाची आहे आणि ती टाळता येत नाही.

के वर क्वाटर्निअन अल्जिब्रा (चार परिमाणांची, गुणाकाराचा क्रम महत्त्वाचा असलेली संख्याव्यवस्था) घ्यायचा. त्यातून एक मितीचा शिमुरा कर्व्ह हवा, तर दोन वास्तव स्थानांपैकी (के ला वास्तव संख्यांत बसवण्याच्या दोन रीतींपैकी) एका जागी अल्जिब्रा रॅमिफाइड (शून्येतर प्रत्येक घटकाने भागता येईल असा) आणि दुसऱ्या जागी मॅट्रिक्स असा लागतो. पण रॅमिफाइड स्थानांची एकूण संख्या सम असावी लागते. एक वास्तव स्थान झालं. आता परिमित प्राइम किमान एक हवाच. जॅके–लँगलँड्स प्रमेय फॉर्मला तिकडे नेतं, पण अट अशी की त्या प्राइमपाशी फॉर्मचा स्थानिक घटक डिस्क्रीट सिरीजचा असावा. लेव्हल १ चा फॉर्म प्रत्येक प्राइमपाशी अनरॅमिफाइड प्रिन्सिपल सिरीज आहे. एकही प्राइम मिळत नाही. दार बंद.

दार उघडं असतं तेव्हा काय होतं त्याचं सगळ्यात लहान उदाहरण √५ वर आहे. फ = (१ + √५)/२ आणि कर्व्ह

य^२ + क्ष·य + फ·य = क्ष^३ + (फ+१)·क्ष^२ + फ·क्ष.

फ^२ = फ + १ वापरून विवेचक २५ − १६फ येतो; त्याचा नॉर्म ६२५ − ४०० − २५६ = −३१. म्हणजे ३१ नॉर्मचा एकच प्राइम बिघडलेला, आणि तोही एका घातानेच. फॉर्म मोजायला दोन्ही वास्तव स्थानांवर रॅमिफाइड अल्जिब्रा घ्या. √५ वर त्याच्या मॅक्सिमल ऑर्डरच्या युनिटांचा गट, केंद्र काढून टाकल्यावर, ६० घटकांचा ए५. तो ३१ घटकांच्या क्षेत्रावरच्या प्रक्षेपी रेषेच्या ३२ बिंदूंवर चालतो. कोटी २ च्या घटकांना स्थिर बिंदू नाहीत, कारण ३१ ला ४ ने भागल्यास ३ उरतात. कोटी ३ आणि ५ च्या प्रत्येक उपगटाला दोन-दोन आहेत. म्हणून कक्षा दोन: २० ची आणि १२ ची. दोनातून आयझेनस्टाइनचा एक वजा, उरला एक फॉर्म. ३१ पाशी तो स्टाइनबर्ग प्रकारचा (डिस्क्रीट सिरीजमधलाच एक प्रकार), म्हणून त्या प्राइमला आणि एका वास्तव स्थानाला रॅमिफाइड अल्जिब्रा चालतो, आणि शिमुरा कर्व्हच्या जेकोबियनमध्ये आपला एलिप्टिक कर्व्ह बसलेला आहे.

लेव्हल १ ला विचित्र परिस्थिती होते. अंश सम असल्यामुळे दोन्ही वास्तव स्थानांवर रॅमिफाइड आणि परिमित ठिकाणी कुठेही नाही, असा अल्जिब्रा मिळतो. फॉर्म मोजायला याहून सोयीचं काही नाही. आणि तीच समता भूमितीची वाट अडवते. √२९ वर त्या अल्जिब्राचा क्लास नंबर २ (वरच्या सूत्रातला २ हाच). म्हणून ब्रँट मॅट्रिक्स (आयडियल क्लासेसवरची हेके क्रिया मांडणारे) २×२, ओळीची बेरीज नॉर्म + १, आणि ट्रेस नॉर्म + १ + अ. नॉर्म ४, ५, ७ च्या प्राइमसाठी ट्रेस ४, ३, १० यायला हवेत. कोणी स्वतः प्रोग्राम लिहीत असेल तर या तीन आकड्यांवर पहिली चाचणी घ्या. ते चुकले तर बहुतेक वेळा आयडियल क्लासेसचे प्रतिनिधी एकाच बाजूचे (डावे किंवा उजवे) घेतलेले नसतात.

एवढं मात्र स्पष्ट असावं की फॉर्मशी जोडलेली गॅल्वा रेप्रेझेंटेशन (के च्या गॅल्वा गटाची मॅट्रिक्सरूपं) प्रत्येक प्राइम ल साठी अस्तित्वात आहेत. सम अंशासाठी ते टेलर यांनी १९८९ मध्ये कॉन्ग्रुअन्सच्या मार्गाने दिलं. म्हणजे कर्व्ह असला तर त्याचं टेट मॉड्यूल कसं दिसेल ते पूर्ण माहीत आहे, फाल्टिंग्ज यांच्या प्रमेयामुळे समजातता वर्गही ठरलेला आहे. फक्त कर्व्ह नाही. ब्लासियस यांनी हॉज कन्जेक्चर गृहीत धरून तो असतो हे दाखवलं: हिल्बर्ट पृष्ठभागाच्या दुसऱ्या कोहोमॉलॉजीत फॉर्मचा चार परिमाणांचा तुकडा आहे, तो कर्व्ह आणि त्याच्या संयुग्मीच्या पहिल्या कोहोमॉलॉजींच्या गुणाकारासारखा दिसतो, आणि तो गुणाकार सोडवून एक घटक वेगळा काढणं हे खरं काम आहे. पृष्ठभागाकडून फक्त गुणाकार मिळतो.

पूर्णांक

आभार, दोन्ही उत्तरं स्पष्ट आहेत. मग गुणाकार सोडवायचं काम पिरियडनी (फॉर्मच्या इंटिग्रलमधून येणाऱ्या संख्यांनी) करता येईल ना? वेगवेगळ्या चिन्हांच्या द्विघाती कॅरेक्टरने फॉर्म ट्विस्ट करून एल-फंक्शनची १ पाशी किंमत काढली की (+,+), (+,−), (−,+), (−,−) असे चार पिरियड. (−,+) भागिले (+,+) म्हणजे पहिल्या एंबेडिंगचा टाऊ (कर्व्हच्या लॅटिसचा आकार ठरवणारी संख्या), परिमेय पटीपुरता. (+,−) वरून दुसरा. दोन्ही जे-किमती (ज्यांवरून कर्व्ह ओळखू येतो) काढून के मधला घटक ओळखायचा. देंबेले यांची पद्धत अशीच आहे.

अनंतस्थान

लेव्हल १ ला ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही, आणि ते कारण कागदावर मांडून पाहण्यासारखं आहे, कारण प्रोग्राम चालवणाऱ्याला ते "अचूकता कमी पडतेय" असं वाटत राहतं.

ट्विस्ट केलेल्या एल-फंक्शनचं चिन्ह मोजा. वजन (२,२), म्हणजे दोन्ही वास्तव स्थानांवरून −१ आणि −१, गुणाकार +१. लेव्हल १, म्हणून परिमित प्राइमकडून काहीच नाही. आता ‘काय’ (ग्रीक χ) नावाचं द्विघाती कॅरेक्टर लावा. ज्या प्राइमपाशी काय रॅमिफाइड, तिथून चिन्ह येतं काय_प(−१). पण काय हे जागतिक कॅरेक्टर आहे, सगळ्या स्थानांवरच्या काय(−१) चा गुणाकार १. म्हणून परिमित बाजूचा गुणाकार हा वास्तव स्थानांवरच्या चिन्हांच्या गुणाकाराइतकाच. निष्कर्ष: काय चं चिन्ह (+,+) किंवा (−,−) असेल तर एल-फंक्शनचं चिन्ह +१, मिश्र असेल तर −१, आणि मधली किंमत नेहमी शून्य. कुठलंही काय घ्या, कितीही अचूकता घ्या.

लेव्हल हा ‘न’ नावाचा एक प्राइम असेल तर चिन्हात काय(न) हा आणखी एक गुणक येतो. तो −१ होईल असं काय निवडलं की मिश्र पिरियड हाती लागतो. √५ आणि नॉर्म ३१ वर म्हणूनच अडत नाही. लेव्हल १ ला तो गुणक नाहीच. जे दोन पिरियड मिळतात त्यांचा भागाकार म्हणजे दोन टाऊंचा गुणाकार, तोही अज्ञात परिमेय पटीसह. चतुर्दल म्हणतात तीच गोष्ट इथे दुसऱ्या रूपात समोर येते: गुणाकार कळतो, घटक कळत नाहीत.

पी-ॲडिक मार्गाचंही तेच. टेट पिरियड काढून कर्व्ह उभा करण्याच्या पद्धतीला लेव्हलमध्ये एका घाताने येणारा प्राइम लागतो. तोही इथे नाही.

उरतं ते थेट इंटिग्रेशन. डार्मन आणि लोगन यांनी २००३ मध्ये एटीआर (ऑलमोस्ट टोटली रिअल) बिंदूंसाठी हिल्बर्ट फॉर्मचे इंटिग्रल प्रत्यक्ष काढले, २९, ३७, ४१ वर. त्यांची रीत सततच्या अपूर्णांकांवर चालते, म्हणून क्षेत्र नॉर्म-युक्लिडियन असावं लागतं. ही तिन्ही तशी आहेत. ५०९ तसं नाही. गितार्त आणि मासदेऊ यांनी ती अट काढून टाकली, इंटिग्रेशन वेगवान केलं आणि √५०९ वरच्या कर्व्हचा एटीआर बिंदू काढून दाखवला. महत्त्व यात आहे की तो कर्व्ह कुठल्याही शिमुरा कर्व्हमधून येत नाही, तरी असे इंटिग्रल कर्व्हवरचे खरे बिंदू देतात हे डार्मन यांचं भाकीत तिथे खरं उतरलं. मिश्र पिरियडचा जाळीदार संच (लॅटिस) अशा इंटिग्रलमधून मिळू शकतो, पण त्यांची मर्यादा कठोर आहे: इंटिग्रेशनच्या सीमा वास्तव अक्षाच्या जवळ गेल्या की फूरिए मालिका फार सावकाश बसते. प्रत्येक इंटिग्रलचे तुकडे पाडून काल्पनिक भागांचा गुणाकार शक्य तितका मोठा ठेवणं, यातच बहुतेक वेळ जातो.

जे (+,+) आणि (−,−) पिरियड एल-किमतींतून काढायचे, त्यांचा खर्च आधीच मोजता येतो. ट्विस्टच्या कंडक्टरचा नॉर्म म, क्षेत्राचा विवेचक डी. मालिकेतलं न वं पद साधारण ई^(−४π·√(न/(डी·म))) या दराने घटतं. २० दशांश स्थळं हवीत तर न हा सुमारे १३.५·डी·म पर्यंत न्यावा लागतो. डी = ५०९, ट्विस्ट नाही: साधारण ६,८०० नॉर्मपर्यंतच्या आयगेनव्हॅल्यू. म त्याच प्रमाणात वाढवत नेतो, म्हणून छोटे कंडक्टर आधी संपवा.

शोधयादी

पिरियड बाजूला ठेवून सांगतो, कारण लेव्हल १ चे बरेचसे कर्व्ह प्रत्यक्षात समीकरणं शोधूनच मिळाले आहेत. ५०९ वरचाही शोधातूनच आला. तो आपल्या संयुग्मी कर्व्हशी समजात नाही, म्हणजे क्यू-कर्व्ह नाही. त्या क्षेत्रात परिमेय संख्यांवरून उचललेले फॉर्म किती ते सूत्राने कळतं: २·[(५०९ − ५)/२४] = ४२, जोड्या लावून २१. तो कर्व्ह या २१ च्या बाहेरचा.

पहिलं काम: फॉर्म उचललेला आहे का ते बघा. दुभंगलेल्या प्रत्येक प्राइमच्या जोडीवर दोन आयगेनव्हॅल्यू सारख्या असतील (कॅरेक्टरच्या चिन्हापुरता फरक चालेल) तर तो बहुधा बेस चेंज आहे. मग शिमुरांच्या बांधणीकडे जा, पुढचं काही करू नका. एका जोडीवर जरी निरपेक्ष किमती वेगळ्या निघाल्या तरी तो उचललेला नाही.

दुसरं: नॉर्म + १ − अ चे मसावि. २९ वर ६, ९, ६ आले, मसावि ३. असा मसावि दिसला की ३-टॉर्शनच्या कुळात थेट शोधा: य^२ + स·क्ष·य + त·य = क्ष^३, विवेचक त^३·(स^३ − २७त). मिनिमल समीकरण असेल तर त युनिट आणि स^३ − २७त युनिट. स, त ला युनिटने मोठं-लहान करता येतं (त चा घात मॉड ३ पुरे), म्हणून प्रश्न एवढाच उरतो:

स^३ = ±२७·उ^म ± उ^न.

म = ०, १, २ आणि न एका पल्ल्यात, उदा. −५० ते ५०. प्रत्येक किंमत घन आहे का ते मॉड काही प्राइम (नॉर्मला ३ ने भागल्यास १ उरेल असे) तपासा. मिनिटाभराचं काम. टेट यांचा कर्व्ह स = १, म = २, न = ४ वर बसलेला आहे, तेच मोजणीदारांचं १ − २७उ^२ = −उ^४. मसावि १ आला तरी लगेच सोडू नका: कर्नल एखाद्या द्विघाती कॅरेक्टरने फिरवलेला असू शकतो, त्यासाठी अ(प) = काय(प)·(१ + नॉर्म) मॉड ३ असं एखादं काय सापडतं का ते पाहा.

समजातता मिळाली नाही तर शेवटचा मार्ग मॉर्डेल समीकरणांचा. सी४^३ − सी६^२ = १७२८·डेल्टा, डेल्टा = ±उ^न (डेल्टा म्हणजे विवेचक; सी४, सी६ ही समीकरणाच्या सहगुणकांतून मिळणारी दोन पदं). १२ व्या घातापर्यंत न बदलता येतो, आणि उ^६ ने गुणणं म्हणजे उ ने ट्विस्ट करणं, म्हणून खरोखर १२ कर्व्ह तपासायचे: य^२ = क्ष^३ ∓ १७२८·उ^न, न = ० ते ५; संयुग्मी जोड्या काढल्या की आणखी कमी. प्रत्येकाचे के मधले पूर्णांकी बिंदू हवेत. त्यासाठी मॉर्डेल–वेइल गटाची निर्मिती करणारे बिंदू लागतात आणि तिथेच गाडी अडकते: उ च्या घातामुळे सहगुणक प्रचंड होतात, रँक २ किंवा ३ असेल तर एक जनरेटर सापडेनासा होतो. "बिंदू सापडला नाही" याचा अर्थ "नाही" असा कधीच घेऊ नका.

बिंदू सापडल्यावरही दोन सापळे. सी४ दोनशी परस्पर अविभाज्य असेल तर −सी६ हा मॉड ४ वर्ग असावा लागतो, नाही तर २ पाशी पूर्णांकी समीकरण बनत नाही. अशा वेळी −१, उ, −उ ने ट्विस्ट करून पुन्हा तपासा, चारांपैकी एखादा अनेकदा बसतो. टेटच्या कर्व्हवर −सी६ = १ − ३६उ^२ + २१६उ^४, मॉड ४ सरळ १. आणि ३ पाशीची अट वेगळी तपासायची. २ बसला की झालं असं समजून लोक फसतात.

दुसरा सापळा: ग्लोबल मिनिमल समीकरण असतंच असं नाही. सर्वत्र गुड रिडक्शन म्हणजे विवेचकाचं आयडियल एका आयडियलचा १२ वा घात. ते मूळ आयडियल मुख्य असेल तरच विवेचक युनिट करता येतो. क्लास नंबर ६ शी परस्पर अविभाज्य असेल तर काळजी नाही, ५०९ ला तो १ आहे. नाही तर डेल्टाच्या यादीत युनिटांबरोबर आयडियलच्या १२ व्या घातांचे जनकही धरावे लागतात, आणि ते विसरल्याने "या क्षेत्रावर कर्व्ह नाही" असे चुकीचे निष्कर्ष निघतात.

मोजणीदार

शोधयादींच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, फॉर्मच्या बाजूलाही तसाच खड्डा आहे. वर दिलेलं जीनसचं सूत्र प्राइम विवेचकासाठी आहे, तिथे मूलभूत युनिटचा नॉर्म −१ असतो. √६ आणि √७ वर तो +१ आहे (५ + २√६, ८ + ३√७), नॅरो क्लास नंबर २. अशा वेळी हिल्बर्ट पृष्ठभाग दोन घटकांचा असतो. नेहमीचा पहिला घटक या दोन्ही क्षेत्रांवर परिमेय पृष्ठभाग आहे, त्यावर एकही फॉर्म नाही. तरी दोन्ही क्षेत्रांवर सर्वत्र गुड रिडक्शनवाले कर्व्ह आहेत! त्यांचे फॉर्म फक्त दुसऱ्या घटकावर राहतात. पहिल्या घटकावर शून्य असणारा फॉर्म नॅरो क्लास कॅरेक्टरने ट्विस्ट केला तर स्वतःच्याच उणेपटीत जातो, आयगेनव्हॅल्यू बदलत नाहीत, म्हणजे कॅरेक्टर −१ असलेल्या प्रत्येक प्राइमपाशी अ = ०: सीएम (कॉम्प्लेक्स मल्टिप्लिकेशन) फॉर्म. सीएम असल्याने त्यांच्या कर्व्हचा प्रश्न वेगळ्या मार्गाने सुटतो, पण परिमाण मोजताना दोन्ही घटक मोजले नाहीत तर ते दिसतच नाहीत.

पूर्णांक

एक शेवटचं. समजा शोधातून कर्व्ह मिळाला आणि २०–३० आयगेनव्हॅल्यू जुळल्या. तो याच फॉर्मचा आहे हे सिद्ध करायला फाल्टिंग्ज–सेर पद्धत (मोजके प्राइम तपासून दोन गॅल्वा रेप्रेझेंटेशन एकच आहेत हे दाखवणारी) लागते का?

चतुर्दल

२०१५ पूर्वी लागायची. आता कर्व्ह मॉड्युलर आहे हे आधीच सिद्ध आहे, आणि सर्वत्र गुड रिडक्शन म्हणजे त्याचा फॉर्म लेव्हल १ चाच. लेव्हल १ ची जागा परिमित परिमाणाची, तुमच्याकडे ब्रँट मॅट्रिक्स आहेत. परिमेय आयगेनव्हॅल्यूंचे जेवढे फॉर्म त्या जागेत आहेत त्यांची यादी करा आणि ते एकमेकांपासून वेगळे ओळखू येतील एवढेच प्राइम घ्या. √२९ वर फॉर्म एकच, तिथे एकही प्राइम तपासायची गरज नाही. ५०९ वर थोडे घ्यावे लागतील, आणि कर्व्ह बेस चेंज नसेल तर फॉर्म आणि त्याचा संयुग्मी यांच्यात गल्लत होऊ नये म्हणून त्यातला निदान एक प्राइम असा घ्या जिथे दुभंगलेल्या जोडीवरच्या दोन आयगेनव्हॅल्यू वेगळ्या आहेत. √५०९ चं कोणतं मूळ कोणत्या प्राइमशी जोडलंय ते दोन्ही प्रोग्राममध्ये एकच ठेवा. जुळणी फसते ती बहुतेक याच ठिकाणी.